पुरणपोळी झाली, आता पातेल्यावर झाकण ठेवा

होळीच्या दुपारची गोष्ट. जावईबापूंनी सातवी पोळी संपवली, भिंतीला टेकले, कंबरेचा पट्टा एक भोक सैल केला आणि म्हणाले, "मामा, तुमचा तो बडीशेपेचा काढा मिळेल का?" मी उठणार तेवढ्यात लेक म्हणाली, "तुम्ही बसा बाबा, मी करते." तिने पातेल्यात पाणी घेतलं, बडीशेप टाकली, गॅस मोठा केला आणि फोनवर बोलत उभी राहिली. पंधरा-वीस मिनिटं पातेलं खदखदत होतं. वास असा सुटला की वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यातूनच विचारलं, "आज काय विशेष?" कपात मात्र आलं ते तपकिरी, कडसर, बिनवासाचं पाणी. जावई सभ्य आहेत, प्यायले.

वास जिनाभर फिरला, मग कपात काय राहिलं? मुख्य सांगायचंय ते एवढंच. बाकी सगळं त्याच्या ओघात येईल.

मी साताऱ्यातल्या एका शाळेत ३२ वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. आमचे एक सर दरवर्षी ऊर्ध्वपातनाच्या तासाला साध्या पाण्याऐवजी ओवा टाकलेलं पाणी घ्यायला लावायचे. चंबूत मूठभर भरडलेला ओवा, खाली दिवा, पुढे थंड पाण्याची नळी. पहिले थेंब चंचुपात्रात पडायला लागले की ते दुधासारखे गढूळ दिसत, वर तेलाची पुसटशी साय येई आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा नाक वर करून बसत. ओव्याच्या तेलातला मुख्य माल म्हणजे थायमॉल. तो एकटा असेल तर २३२ अंशांना उकळतो, पण पाण्याच्या वाफेचं बोट धरून १०० अंशांच्या आतच पातेल्याबाहेर पडतो. बडीशेपेतलं अॅनेथॉल, गवती चहातलं सिट्रल, पुदिन्याचं तेल, सगळ्यांची तीच तऱ्हा. पोटाला आराम देणारा बराचसा ऐवज या उडून जाणाऱ्या तेलांत असतो. आतड्याच्या भिंतीतले स्नायू आखडलेले असतात, ते या तेलांनी थोडे सैलावतात, अडकलेला वारा पुढे सरकतो आणि आपण म्हणतो, "हां, आता बरं वाटलं." उघड्या पातेल्यात काढा उकळणं म्हणजे ऊर्ध्वपातन करायचं आणि चंचुपात्र लावायचंच नाही.

तर पहिली कृती बडीशेपेची, कारण ती सगळ्यांना चालते आणि ती जमली की निम्मं काम जमलं. दोन माणसांना अर्धा अर्धा कप पुरेल एवढं, म्हणजे २०० मिली पाणी घ्या. एक चहाचा चमचा बडीशेप, अर्धा चमचा जिरं, अर्धा चमचा धणे. माझ्याकडे जुना काटा आहे त्यावर मोजलं तर बडीशेप २ ग्रॅम, जिरं आणि धणे प्रत्येकी एक एक ग्रॅम भरतात. हे तिन्ही खलबत्त्यात चार ठोके देऊन फक्त फोडायचं. पीठ करायचं नाही. पीठ झालं की काढा गढूळ होतो आणि घशाशी खरखरतो. अख्खं टाकलं तर तेल दाण्याच्या आतच बसून राहतं. बडीशेपेच्या दाण्यावर उभ्या रेघा दिसतात ना, तेलाच्या बारीक नळ्या त्या रेघांमधल्या खोबणींखाली असतात. ठोका त्या फुटण्यापुरता.

आता पाणी उकळायला ठेवा. उकळी आली की गॅस बंद करा. बंद केल्यावर फोडलेला मसाला टाका आणि लगेच झाकण ठेवा. घट्ट बसणारं झाकण, ताटली नव्हे. दहा मिनिटं हात लावायचा नाही. दहा मिनिटांनी झाकण आडवं न सरकवता सरळ वर उचला, आतल्या बाजूला जमलेले थेंब पातेल्यातच झटका, मग गाळा. एकदा त्या थेंबांचा वास घेऊन बघा. कपातल्या काढ्यापेक्षा तो तीव्र असतो. आमच्या हिला हे पटायला वर्ष लागलं. चिपळूणची आहे, काढा म्हणजे आटवायचा, चार कपांचा एक कप करायचा हे तिच्या डोक्यात पक्कं. मुळं, साली, खोडं यांच्यासाठी ते बरोबरच आहे. बिया आणि पानं यांना ते लावायचं नाही.

जाता जाता, साताऱ्यात पाणी १०० अंशांना उकळतच नाही. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटर वर आहोत, शाळेच्या तापमापकावर उकळी साडेसत्त्याण्णवच्या आसपास दिसायची. महाबळेश्वरला आणखी दोन अंश खाली. काढ्याला त्याने काही फरक पडत नाही, पण महाबळेश्वरच्या बंगल्यावर डाळ शिजत नाही म्हणून कुकरला शिव्या देणाऱ्या पाहुण्यांना मी हे सांगत असतो.

बडीशेप कुठली घ्यायची? मुखवासाची हिरवी, बारीक, गोड मिळते ती चालते, पण रंग लावलेली, साखरेत घोळलेली किंवा भाजलेली नको. मसाल्याची जाड बडीशेप जास्त तिखट वासाची असते, काढ्याला मला तीच आवडते. घेताना चिमूटभर तळहातावर चुरडा. ओव्यालाही हीच परीक्षा. चुरडल्यावर नाकाला झणका लागला नाही तर तो ओवा फोडणीला वापरा, काढ्याला नाही. आणि या बरण्या गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका. रोजच्या उबेने सहा महिन्यांत निम्मा वास गेलेला असतो.

आता ओवा. याच्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे आणि त्यामागे पुरणच आहे. हरभऱ्याच्या डाळीत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा काही साखरा असतात. त्या लहान आतड्यात पचत नाहीत. आपल्याकडे त्या तोडणारं विकरच नसतं. तशाच त्या मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. डाळ शिजवलेल्या पाण्यात, म्हणजे कटात, यातला बराच भाग उतरतो. आपण तो कट फेकतो का? छे. त्याची आमटी करतो आणि वाटी तोंडाला लावून भुरकतो. (फेका असं मी अजिबात म्हणत नाहीये. कटाच्या आमटीशिवाय होळी कसली?) पण हिशोब समजून घ्या. जेवण एक वाजता झालं तर डाळीचा वायू संध्याकाळी पाच-सहाला सुरू होतो. जेवल्या जेवल्या जे पोट फुगल्यासारखं वाटतं ते वायूचं नसतं, ते सात पोळ्यांचं असतं. म्हणून दुपारी दोनला ओवा पिऊन "काही उपयोग झाला नाही" म्हणण्यात अर्थ नाही. दुपारी बडीशेप, संध्याकाळी ओवा. पुरणाची, वालाच्या उसळीची, पावट्याची, हुरड्याच्या पार्टीची, सगळ्यांची हीच वेळ.

ओव्याला प्रमाण कमी लागतं. एक कप पाण्याला अर्धा चहाचा चमचा ओवा, हातावर जोरात चोळून. पद्धत तीच, उकळी, गॅस बंद, ओवा, झाकण, पण सात मिनिटं पुरे. जास्त ठेवलात तर जिभेला चटका बसतो. शेवटी चिमूटभर सैंधव किंवा पादेलोण. पादेलोणाला अंड्याचा वास येतो म्हणून लेक नाक मुरडते. तो गंधकाच्या संयुगांचा वास आहे, शाळेत आम्ही असा वास मुद्दाम तयार करायचो आणि शिक्षा भोगायचो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मात्र मीठ वगळा, नुसता ओवा पुरे. छातीत जळजळ होत असेल तेव्हा ओवा घेऊ नका. तो तिखट आहे, जळत्यावर आणखी मिरची कशाला?

हिंगाचं पाणीही याच कामाचं. गरम पाण्याच्या अर्ध्या कपात हरभऱ्याच्या दाण्याएवढा बांधणीचा हिंग विरघळवा. एवढा चालतो कारण बांधणीच्या हिंगात खरा हिंग थोडाच असतो, बाकी पीठ आणि डिंक. खडा हिंग असेल तर मोहरीएवढाच. वर्षानुवर्षं हा हिंग अफगाणिस्तानातून, इराणातून येत आला. आपल्याकडे २०२० साली हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात पहिल्यांदा त्याची रोपं लावली. गव्हाचं वावडं असणाऱ्यांनी डबीवरचं वाचून घ्यावं, त्या पिठात बहुधा गहू असतो.

मटणाचं जेवण वेगळं. जावई कोल्हापूरचे, तेव्हा आमच्याकडे दिवाळी-दसऱ्यानंतरचा एक रविवार तांबड्या-पांढऱ्याचा असतोच. इथे अडचण वायूची नसते, तुपातेलाची असते. स्निग्ध पदार्थ आतड्याच्या सुरुवातीला पोचले की तिथून एक संप्रेरक सुटतं आणि ते जठराला सांगतं, सावकाश सोड, इथे आधीचंच आवरायचंय. म्हणून मटण खाल्लं की चार-पाच तास पोटात दगड ठेवल्यासारखं वाटतं. याला सुंठ. आल्याने जठर थोडं लवकर रिकामं होतं हे प्रयोगांत दिसलेलं आहे, आणि अनुभव तर आपल्या आज्यांपासून आहे.

आणि इथे माझा झाकणाचा नियम अर्धाच लागू पडतो. सुंठेचा तिखटपणा उडून जाणाऱ्या तेलात नसतो. ताज्या आल्यात जिंजरॉल असतं. आलं वाळताना त्यातल्या काहीचं शोगॉल होतं आणि ते जास्त जहाल. म्हणून सुंठ आल्यापेक्षा झोंबते. ही दोन्ही वाफेबरोबर सहज पळत नाहीत, तेव्हा सुंठ खुशाल उकळा. दोन कप पाण्यात बोटाच्या अर्ध्या पेराएवढी सुंठ ठेचून टाका, मंद आचेवर दहा मिनिटं, वरून सुपारीएवढा गूळ. मग गॅस बंद करून अर्धा चमचा फोडलेलं जिरं आणि झाकण, पाच मिनिटं. दोघांची प्रकृती वेगळी, दोघांना वेगळं वागवायचं. दुकानातली सुंठपूड घेऊ नका असं नाही, पण ती तळाशी बसते आणि शेवटचा घोट ठसका आणतो. अख्खी सुंठ ठेचायला बत्त्याचा जोर लागतो, ते काम जावयांना देतो. खाल्लेलं जिरतंही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील, तर सुंठेचा काढा रोजचा करू नका. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईला ओव्याचा, सुंठेचा कडक काढा देऊ नये. बाळंतिणीला आपण ओवा आणि बाळंतशेपा देतो, ते बाळंतपणानंतर. लोक हे दोन्ही एकात घालतात. तान्ह्या बाळांना यातलं काहीच नको. ज्येष्ठमध गोड लागतो म्हणून हल्ली प्रत्येक काढ्यात टाकतात. त्याने रक्तदाब वाढतो. मी तो घरात ठेवतच नाही.

आणखी एक, हे मला सांगितलंच पाहिजे. माझ्या थोरल्या भावाला एका लग्नाच्या पंगतीनंतर छातीत जड वाटायला लागलं. आम्ही सगळे हुशार. कुणी ओवा चावायला दिला, कुणी हिंग, मी काढा केला, झाकण ठेवून, दहा मिनिटं घड्याळ लावून. तो घामाने भिजला होता, डावा खांदा दाबत होता, आणि आम्ही "गॅस वर चढलाय" म्हणत तासभर घालवला. तो हृदयविकाराचा झटका होता. भाऊ वाचला, आज चालतोफिरतो. पण तो तास माझा होता. छातीत दाब, घाम, दम लागणं, खांद्यात किंवा जबड्यात कळ, यातलं काही दिसलं तर पातेलं ठेवू नका, गाडी काढा.

पानांकडे वळू. गवती चहा आमच्या गॅलरीतल्या डब्यात वाढतो, कात्रीने कापला की आठवड्यात परत तयार. चहापत्तीबरोबर उकळून त्याचा चहा करायची आपली रीत आहे, तो चहा मीही आवडीने पितो, पण जेवणावर नाही. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजी, डाळी खाऊन वर चहा ढोसला की लोहाचा बराच भाग वाया. विशेषतः घरातल्या बायकांनी तासभर तरी थांबावं. नुसता गवती चहा करायचा तर चार-पाच पाती घ्या, गाठ मारा, ती गाठ पिरगाळा म्हणजे पाती चेंबतात, आणि बंद केलेल्या उकळत्या पाण्यात टाकून आठ मिनिटं झाकून ठेवा. गाठीमुळे गाळणी लागत नाही. पुदिन्याची आठ-दहा पानं हातानेच चुरगाळून त्यातच. पाच मिनिटांवर पुदिना ठेवलात तर हिरवट, गवतासारखी चव येते, तेव्हा तो शेवटी टाका.

पुदिन्याचं एक उलटं आहे. तो स्नायू सैल करतो, तसा अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला झडपेचा स्नायूही थोडा सैल करतो. ज्यांना जेवणानंतर आंबट घशाशी येतं त्यांना पुदिन्याने ते वाढू शकतं. पिपरमिंटच्या गोळीनेही तेच. आमच्या हिला होतं, मला होत नाही. एका घरात दोन कप वेगळे निघतात.

तिचा कप आमसुलाचा. हा काढाच नव्हे, कारण यात चूल पेटतच नाही. तीन आमसुलं धुऊन पाव लिटर माठाच्या पाण्यात अर्धा तास भिजत घालते, कुस्करते, गाळते, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा भाजून कुटलेलं जिरं, थोडी साखर. भजी-वड्यांचं जेवण झालं की हेच. रंगच असा सुंदर येतो की अर्धं बरं बघूनच वाटतं. मला ते आंबट असल्यामुळे जळजळीवर उतारा म्हणून पटत नाही, आणि तिला माझी बडीशेप म्हणजे "दवाखान्याचं पाणी" वाटते. पस्तीस वर्षं झाली, निकाल लागलेला नाही. मात्र भांडं कुठलं, यावर आमचं एकमत आहे. आमसूल पितळेच्या बिनकल्हईच्या पातेल्यात भिजवायचं नाही, कळकतं. काच, चिनी माती किंवा स्टील. हल्ली तांब्याच्या भांड्यात आंबट सरबत ओतून टेबलावर ठेवतात, फोटो छान येतो. पिऊ नका.

वेळ आणि मात्रा हे राहिलंच. जेवून हात धुतला की लगेच काढा ओतायचा नाही, आधीच तुडुंब पोटात आणखी पाणी होतं. वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. तेवढ्यात शतपावली घाला. शंभर पावलांची शपथ नाही, गच्चीवर दहा मिनिटं सावकाश पुरे. मग अर्धा कप, कोमट, घोट घोट. पूर्ण कप नको. साखर नको, पुरणात आहे ती पुष्कळ झाली. आणि त्यानंतर आडवं व्हायचंच असेल तर वामकुक्षी, म्हणजे डाव्या कुशीवर. जठराचा पिशवीसारखा भाग डावीकडे आहे, तेव्हा डाव्या कुशीवर अन्नरस खाली राहतो, उजव्या कुशीवर तो तोंडाशी चढतो. पुण्याची मंडळी दुपारी दुकानं बंद ठेवतात म्हणून आपण त्यांची चेष्टा करतो, पण कूस त्यांनी बरोबर निवडली आहे.

गौरीजेवणाला वीस माणसं असतात तेव्हा मी दोन लिटरचा थर्मास काढतो. प्रमाण वर दिलंय त्याच्या दहापट, २० ग्रॅम बडीशेप, १० ग्रॅम जिरं, १० ग्रॅम धणे. थर्मास आधी गरम पाण्याने विसळून घ्यायचा. मसाला मलमलच्या फडक्यात सैल पुरचुंडी बांधून आत सोडायचा, वरून उकळतं पाणी, बूच लावायचं. पुरचुंडी घट्ट बांधली तर मधला मसाला कोरडाच राहतो. दहा मिनिटांनी दोऱ्याने ती ओढून काढायची, नाहीतर तासाभरात काढा कडू होतो. गेल्या वर्षी सगळं नीट जमलं होतं, बूच घट्ट होतं, घरात कुठेही वास नव्हता. जावई स्वयंपाकघरात आले, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मामा, आज काढा केला नाही का?"